आधीच लिहिलेली भेट

मुंगीचं चुकलं होतं, हे आधीच सांगून टाकते. युनियनची प्रतिनिधी झाले म्हणून डोळ्यांवर कातडं ओढणारी मी नव्हे.

आमच्या समाजसेवा कार्यालयात ती वयाने सगळ्यांत लहान. सदा धावपळ, म्हणून मुंगी. त्या दिवशी सकाळीच तिने वहीत दुपारची भेट लिहून ठेवली: ‘घरी गेले. आजी आणि नात ठीक.’ तेवढ्यात दुसऱ्या घरात मारहाण झाल्याचा फोन आला आणि ती तिकडे पळाली. इकडे आजी चक्कर येऊन पडली, नात शेजारणीकडे रडत बसली. नशीब, दोघी बचावल्या. पण खोट्या नोंदीपायी मुंगीची नोकरी जायची वेळ आली.

“ताई, मला वाटलं, संध्याकाळपर्यंत जाऊन येईनच.”

“वाटलं म्हणे! एक्कावन्न घरं तुझ्या माथी, आणि तुला वाटलं!” मी ओरडले, आणि लगेच वाईट वाटलं. कारण आम्ही सगळेच आधी लिहितो. भेटी द्या नाहीतर वह्या भरा, दिवस एकच.

मग मी कागद फिरवला: ‘आम्हीही भेटीआधी नोंदी लिहितो, कारण घरं जास्त, माणसं कमी.’ वाचून सगळ्यांची पाचावर धारण बसली. सही करणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. पहिली सही मीच केली. निवृत्तीला आठ महिने उरलेत, तरीही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तेवीस सह्या झाल्या.

चौकशीत मुंगीला बाहेर बसवून मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या कार्यालयाच्या प्रमुखांनी, तो कागद दोनदा वाचला. पूर्वी त्या माझ्या शेजारच्याच टेबलावर बसायच्या.

“तेवीस जणांना काढू का मी?”

“काढा. मग हजार घरं तुम्ही एकट्या बघा.”

“आमच्या वेळी माणशी अठरा असायची.”

“हो ना बाई. आणि अठरा असतानाही आधी लिहायला मला तुम्हीच शिकवलंत.”

त्यांनी पेन उचललं.

“ताकीद देते, नोकरी राहील,” त्या म्हणाल्या. “आणि माणसं वाढवायचं पत्र आजच वर पाठवते. हा कागद जोडून.”

बाहेर मुंगीला सांगितलं तशी ती रडली. मीही रडले, लपवत नाही. मग तिने पर्स उचलली.

“आजीकडे जाऊन येते, ताई.”

“अगं, वही राहिली!”

“राहू दे,” ती जिन्यावरून म्हणाली. “आल्यावर लिहीन.”