भरल्या पोटी उपाशी

त्या वस्तीत घराचा मान गवताच्या गंजीवरून ठरायचा. रस्त्याने जाणारा आधी गंजीकडे मान वर करून बघायचा, मग मालकाची चौकशी करायचा. गोठेवाल्याची गंजी यंदा छपराच्याही वर गेली होती. आणि तिच्याच सावलीत त्याची ठिपकी, सात महिन्यांची गाभण गाय, उठेनाशी झाली होती.

"गाईचं दिवसभर तोंड चालू असतं, पण अंगी लागेल तर शपथ!" तो बायकोवर खेकसला. "तूच हयगय केलीस!"

ती गव्हाण झाडत राहिली.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. "पोट बघा की बाई, नगाऱ्यासारखं आहे! हिला कुणी उपाशी म्हणेल का?" गोठेवाला म्हणाला.

बाईंनी मूठभर शेण बादलीतल्या पाण्यात धुतलं आणि तळहात त्याच्यापुढे धरला. बोटाबोटाएवढ्या काड्या, जशाच्या तशा!

"गवत कधी कापलंत?"

"बी झडल्यावर. चांगलं पुरुषभर वाढू दिलं."

"अहो दादा, गाईच्या पोटात डोळ्यांना न दिसणारे लाखो जीव असतात. ते गवत फोडतात, तेव्हा कुठे तिला पचतं. कोवळं पान ते भराभर फोडतात. गवत जून झालं की काडीचं लाकूड होतं, कस उडून जातो, आणि ते जीवही हात टेकतात. काड्या पोटात पडून राहतात, नव्या घासाला जागाच उरत नाही. ही गाय भरल्या पोटी उपाशी आहे!"

"मग औषध द्या ना."

"देते. पण फार उशीर झालाय. तुरे फुटतानाच कापायचं, हे कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

सांगितलं होतं! विळा घेऊन बायको दारात उभी राहिली होती. "आता कापूया, पान मऊ आहे." आणि तो चार माणसांदेखत हसला होता, "बाईसाहेबांना बुटकी गंजी हवीय! लोकांना तोंड कुठे दाखवू?"

त्याने बायकोकडे पाहिलं. ती गव्हाणीत उरलेल्या काड्या वेचत होती.

तिसऱ्या दिवशी ठिपकी गेली, पोटातल्या वासरासकट. गव्हाण काठोकाठ भरलेली होती.

पुढच्या हंगामात गवताला तुरे फुटू लागले, तेव्हा गोठेवाल्याने विळ्याला धार लावली आणि तो बायकोपुढे धरला. गोठ्यात आता ठिपकीची आधीच्या वेताची कालवड एकटीच होती.

"तू सांग. कापायचं का?"

तिने एक पान बोटांत चुरून पाहिलं.

"मागच्या वर्षीही एवढंच होतं," ती म्हणाली, आणि कापायला वाकली.

त्या वर्षी त्यांची गंजी वस्तीत सर्वांत बुटकी होती. लोक हसले. तो कालवडीपुढे घास टाकत राहिला.

मंडळी, गवत वेळेवर कापा, कारण गंजीच्या उंचीने जनावर जगत नाही. आणि ज्या हातांना रोज गव्हाणीतला घास कळतो, त्यांचं वेळीच ऐका! गोठेवाल्याने ऐकलं, पण मेलेल्या ठिपकीच्या गळ्यातल्या दाव्याची गाठ सोडल्यानंतर.