ज्याने बसवलं त्यानेच उघडायचं

मैदानाचा माळी गवत कापायचं मशीन ढकलत आमच्या दुरुस्तीच्या दुकानात आला, तेव्हाच मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की हा आज काहीतरी ऐकवल्याशिवाय जायचा नाही. चाकांमागे फरशीवर तेलाची बारीक धार उमटली होती. तिच्याकडे बोट करून म्हणाला, "ताई, तुमच्या मशीनने मैदानाला तेल छान लावून दिलं. आता फक्त वेणी घालायची राहिली."

एरवी मी त्याला असा सोडला नसता. माझ्या जिभेला हाड नाही हे आमची गिऱ्हाइकं जाणून आहेत, आणि मीही त्यांना विसरू देत नाही. पण त्या दिवशी मी खाली वाकून ती धार बोटाला लावून बघितली. कारण त्या मशीनचं ऑइल सील त्याच आठवड्यात बदललं होतं, आणि ते दादाने बदललं होतं.

इंजिनाचा शाफ्ट जिथून खाली बाहेर येऊन पातं फिरवतो, तिथे रबराची एक जाड कडी बसवलेली असते. शाफ्ट फिरत राहावा आणि तेल मात्र आतच राहावं, एवढंच तिचं काम. रबर झिजलं की तेल गळतं, पात्यावर येतं, गवतावर सांडतं. मग जुनं सील उपसायचं आणि नवं ठोकायचं. दादाने जन्मभर हे केलं. त्याने बसवलेलं सील गळत परत आलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

माळ्याला मी संध्याकाळी यायला सांगितलं आणि मशीन आत घेतलं.

दादा विसरायला लागला त्याला बरेच दिवस झाले होते. चहा पिऊन झाल्यावर चहा आला नाही म्हणून तक्रार करायचा. गिऱ्हाइकाला त्याच्या मेलेल्या बापाची खुशाली विचारायचा. डॉक्टरांनी वहिनीला सांगितलं की हे वाढत जाणार, उलटं फिरणार नाही. वहिनीचं म्हणणं पडलं, आता घरीच बसू दे. मी भांडले. म्हटलं, डोक्याचं काय ते तुम्ही आणि डॉक्टर बघा, त्याचे हात अजून शाबूत आहेत. आमच्या वडिलांनी त्याला शाळेच्या दप्तरासकट या दुकानात आणून बसवलं होतं. घरी बसवायचं म्हणजे काय, तर दाराला कुलूप आणि खिडकीपाशी खुर्ची. जिवंत माणसाला फोटोसारखं मांडून ठेवायचं.

वहिनी बाई शहाणी. तिने वाद घातला नाही, अट घातली. "हात चालतायत तोवर येऊ दे त्यांना. पण वन्सं, हाताने चुकले की त्याच दिवशी मला सांगायचं. तिथे पाती आहेत, पेट्रोल आहे. त्यांच्यावरच्या मायेने मला फसवू नका." मी हो म्हटलं. तेव्हापासून ती रोज दुपारी चहाची किटली घेऊन दुकानात यायची, कसं काय म्हणून विचारायची आणि विचारताना दादाकडे न बघता माझ्याकडे बघायची. मी रोज सांगायचे, सगळं बरोबर. आणि ते खरं असायचं.

आता तेच मशीन टेबलावर होतं. आमच्या दुकानात वडिलांपासूनचा एक नेम आहे: काम परत आलं तर ज्याने ते बसवलं त्यानेच उघडायचं. दुसऱ्याने हात लावायचा नाही. आपली चूक आपल्या डोळ्यांनी बघावी, आणि ती बघायला दुसरं कोणी नसावं, असं वडील म्हणायचे. नेम चांगला आहे. मी तो त्या दुपारी मोडला.

दादा जेवून मागच्या खोलीत पडला होता. त्याच्या घोरण्याकडे एक कान ठेवून मी प्लगची वायर काढली, पेट्रोल आणि तेल वेगवेगळ्या भांड्यांत उतरवलं, मशीन आडवं केलं, पातं सोडवलं. शाफ्ट फडक्याने पुसला आणि बघितलं.

सीलला दोन बाजू असतात. एक सपाट, तिच्यावर मापाचे आकडे छापलेले. दुसरी पोकळ, तिच्यात रबराच्या ओठाभोवती केसासारखी बारीक स्प्रिंग. स्प्रिंगची बाजू आत, तेलाकडे. आकड्यांची बाजू बाहेर. नवरा गेल्यावर मी माहेरी आले तेव्हा दादाने मला रडत बसू दिलं नव्हतं, हातात पाना दिला होता, आणि पहिल्याच आठवड्यात हे शिकवलं होतं. यात चुकायला जागाच नाही. पायात चप्पल उलटी घातली तर जेवढं कळतं तेवढंच हे कळतं.

मला आकडे दिसायला हवे होते. समोर स्प्रिंग चमकत होती.

मला आधी राग आला. दादाचा आला, मग त्या डॉक्टरचा, मग वहिनीचा, तिचं म्हणणं खरं ठरलं म्हणून. मग रडू आलं. मी काही हळवी बाई नाही, पण त्या रबराच्या कडीकडे बघून मी तेलकट हातांनीच डोळे पुसले आणि तोंडभर काळं करून घेतलं.

मग डोकं चालायला लागलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. नवं सील ड्रॉवरमध्ये होतं. दादा उठायच्या आत बसवलं असतं, मशीन जोडून कोपऱ्यात उभं केलं असतं, आणि यापुढे त्याने केलेलं प्रत्येक काम त्याची पाठ वळली की उघडून बघितलं असतं. डोळ्यांत तेल घालून बघितलं असतं. वहिनीला काय कळणार होतं? मी ड्रॉवरकडे वळले आणि दादा दारात उभा होता. घोरणं कधी थांबलं ते मला कळलंच नव्हतं.

तो टेबलापाशी आला. चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि वाकून आत बघितलं. बराच वेळ बघत राहिला.

"हे कोणी बसवलं?"

मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा स्वच्छ होता. तो काही लपवत नव्हता, त्याला खरंच माहीत नव्हतं.

"मी," मी म्हटलं.

मी आरडाओरड्याची तयारी ठेवली. पूर्वी एकदा मी नट तिरका घट्ट केला होता तर त्याने पाना भिंतीवर भिरकावला होता आणि वडिलांचं नाव बुडवलंस म्हणून दिवसभर मला ऐकवलं होतं. पण तो ओरडला नाही. स्टूल ओढून माझ्याजवळ बसला, आणि माझ्या गालावरचं काळं त्याने स्वतःच्या बाहीने पुसलं.

"रडतेस कशाला? होतं असं. तुझा हात चांगला होता, मी सगळ्यांना सांगायचो. पण वय कोणाला चुकलंय?" मग मागच्या खोलीकडे, जणू तिथे कोणी बसलंय अशी नजर टाकून हळूच म्हणाला, "बोलायचं नाही कोणाकडे. मी आहे ना."

इतक्या मायेने तो माझ्याशी लहानपणीही बोलला नसेल. मला ती माया नको होती. पाना भिरकावला असता तर बरं झालं असतं.

खरं तर ज्याने बसवलं त्यानेच उघडायला हवं, पण आज राहू दे, मी करतो, असं म्हणून त्याने बाह्या वर केल्या. मी बघत राहिले. टोक वाकवलेला स्क्रूड्रायव्हर त्याने सीलखाली सरकवला आणि शाफ्टला ओरखडा न पाडता ते अलगद उचकटलं. सील बसायची जागा पुसली, बोट फिरवून खडबड नाही ना ते बघितलं. शाफ्टवर पातं अडकवणाऱ्या लोखंडी चावीची खाच असते, तिच्या कडेने रबराचा ओठ फाटू नये म्हणून तिथे चिकटपट्टी गुंडाळली. नव्या सीलच्या ओठाला बोटाने तेल लावलं. सगळं चोख. माझा जीव भांड्यात पडायला लागला. वाटलं, त्या दिवशी त्याचं डोकं दुखत असेल, उजेड कमी असेल, झाली असेल एखादी चूक.

"नीट बघ आता," तो म्हणाला. "स्प्रिंग तेलाकडे, आकडे आपल्याकडे. एवढं लक्षात ठेवलंस की झालं."

आणि हे म्हणता म्हणता त्याने सील हातात फिरवलं आणि आकडे आत करून शाफ्टवर चढवलं. वर पाइपचा तुकडा धरला. चारी बाजूंनी सारखे, हलके ठोके देत सील कडेशी अगदी सपाट बसवलं. काम इतकं सुबक होतं की दुसऱ्या कोणाला जमलं नसतं. स्प्रिंग आमच्या दोघांकडे बघत होती.

"दिसलं?"

"दिसलं," मी म्हटलं.

तेवढ्यात वहिनी किटली घेऊन आली. आडवं मशीन, तेलाचं भांडं आणि माझा अवतार तिने एका नजरेत पाहिला. किटली खाली ठेवली नाही.

"हे याच आठवड्यात झालं होतं ना?" तिने विचारलं. "परत आलं?"

दादाने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्या वतीने बोलायला लागला. किरकोळ गळत होतं, आता केलंय, त्यात एवढं विचारण्यासारखं काही नाही. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, त्यामुळे तो बोलत होता वहिनीशी आणि बघत होता किटलीकडे.

"कोणाच्या हातून चुकलं, वन्सं?"

खोटं बोलायलाच मी तोंड उघडलं होतं. पण तो हात माझ्या पाठीवर होता. त्याच हाताने तो उद्या पेट्रोल ओतणार होता, परवा पातं बसवणार होता, आणि तोंडाने सगळं बरोबर सांगत राहणार होता.

"दादाच्या," मी म्हटलं. "तेव्हाही आणि आत्ताही."

त्याच्या तोंडावर मी हे बोलले. मला वाटलं तो चिडेल, निदान नाही तरी म्हणेल. त्याने पाठीवरचा हात काढला नाही. वहिनीकडे बघितलं, आणि त्याचे डोळे भरून आले.

"बघितलंस? हिला आठवतही नाही आता," तो म्हणाला. "आत्ताच मला स्वतः म्हणाली, मी बसवलं म्हणून. रागावू नकोस हिच्यावर. हिला आपण घरी नेऊ."

वहिनीने किटली टेबलावर ठेवली आणि ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. दादाने माझ्या एप्रनची गाठ सोडली, एप्रन काढून घेतला, स्वतःचाही काढला. भांड्यातलं पेट्रोल त्याने डब्यात ओतलं आणि डब्याचं झाकण घट्ट लावलं. मी नाही म्हणू शकले असते. पण त्याला कुलपात कोंडावं न लागता, तो न भांडता दुकानातून बाहेर पडत होता, आणि तो असा पुन्हा कधी बाहेर पडला नसता. मी म्हटलं, "चल, दादा. मला जरा बरं वाटत नाहीये."

शटर वहिनीने ओढलं. माळी संध्याकाळी येऊन परत जाणार होता, त्याचं मशीन आत आडवंच राहिलं होतं. दादाने माझं मनगट धरलं. आम्ही चालायला लागलो, वहिनी दोन पावलं मागे. वाटेत तो मला सांगत होता की घरी बसायला काही वाईट नसतं, सकाळी उशिरा उठता येतं, खिडकीतून येणारी-जाणारी माणसं दिसतात, आणि दुकानाची काळजी मी करू नये, तो रोज जाईल.

कोपऱ्यावर, जिथे रस्ता दोन्हीकडे फुटतो, तिथे तो थांबला. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. मनगटावरची पकड घट्ट झाली. मग माझ्याकडे वळून, मास्तर विचारतात तसं विचारलं, "सांग बघू, आपलं घर कुठल्या बाजूला?"

"डावीकडे," मी म्हटलं.

"शाबास," दादा म्हणाला.