परक्या दारावरची बेल

मी एक जुनी दाराची बेल आहे. बटण दाबलं की पक्ष्यासारखी चिवचिवायची. आता माझ्यातून फुंकरही निघत नाही, तेव्हा मित्रांनो, जरा जवळ येऊन ऐका.

कारखान्यात माझ्यासारख्या शेकडो बहिणी तयार झाल्या. माझ्या नशिबी वरच्या मजल्यावरचं एक घर आलं. सकाळी दूधवाला, मग पेपरवाला, दुपारी 'सहज आले गं' म्हणणारी शेजारीण, संध्याकाळी मुलीच्या मैत्रिणी. आणि उगाच मला वाजवून पळून जाणारी कार्टी वेगळीच! माझा जीव अगदी मेटाकुटीला यायचा. पण आई प्रत्येक वेळी हातातलं काम टाकून हसतच दार उघडायची, आणि माझा शीण जायचा.

मग या घरानं देश बदलला. बाबा वायरमन होते. निघताना आई त्यांना म्हणाली, "अहो, बेल काढून घ्या."

"अगं, लोक दागिने नेतात, तू बेल नेतेस?"

"नेते. तिकडचं दार परकं असणार. निदान आवाज तरी ओळखीचा हवा."

बाबांनी कपाळाला हात लावला आणि मला टॉवेलात गुंडाळलं.

नवं घर दोन खोल्यांचं होतं. इथं मला कोणी वाजवेचना. सामान आणणारा माणूस खोकं दाराबाहेर ठेवून पसार व्हायचा. ओळखीचे लोक आधी फोन करायचे आणि फोनवरच उरकायचे. भिंतीपलीकडच्या घरातले आजोबा जिन्यात भेटले की नुसती मान हलवायचे. मुलीनं त्यांचं नाव मुंडीवाले आजोबा ठेवलं होतं. बाबांना वायरमनचं काम मिळालं नाही, गोदामात खोकी उचलायचं मिळालं. घरी आले की बूट काढता काढताच त्यांचे डोळे मिटायचे.

मुलगी शाळेत गेली की आई एकटी. सुरुवातीला ती दुपारी केस विंचरून बसायची. मग विंचरणं राहिलं, मग जेवणही राहायला लागलं. दिवा न लावता भिंतीकडे तोंड करून ती पडून राहायची. मी वरून बघायचे, पण बटण दाबल्याशिवाय मला कुठलं तोंड उघडता येतंय!

एकदा मुलगी किल्ली विसरली आणि मी वाजले. आई ताडकन उठली. दिवा लावला, केसांवरून हात फिरवला, धावत दार उघडलं. दारात मुलगी बघून ती आधी हिरमुसली, मग हसली. "तूच होय! ये, काहीतरी खाऊ या."

पोरगी हुशार. त्यानंतर ती रोजच किल्ली विसरायला लागली.

"पुन्हा विसरलीस? डोकं तरी आणलंयस ना?"

"ते मानेला चिकटलंय म्हणून आलं."

आईला सगळं कळत होतं. पण त्या निमित्तानं ती उठायची, दोन घास खायची. दिवसातून तेवढंच. म्हणून मी जीव तोडून ओरडायचे. माझा आवाज चिरकायला लागला होता. बाबा म्हणायचे, "सुट्टीच्या दिवशी बघतो हिच्याकडे." सुट्टीच्या दिवशी ते झोपायचे. त्यांना तरी काय बोलणार?

शेवटी एक दिवस मुलीनं बटण दाबलं आणि माझ्यातून आवाजच निघाला नाही. तिनं दार ठोठावलं. आई आतूनच म्हणाली, "किल्ली आहे ना तुझ्याकडे?" मुलगी किल्लीनं दार उघडून आत आली.

"आई, ऊठ ना."

"पडू दे गं जरा."

पुढचे दोन दिवस तेच. मुलगी दप्तरासकट आईच्या पायाशी बसून राहायची. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तशीच ती बसलेली असताना दारावर टकटक झाली. आईनं मान वर केली. पुन्हा टकटक झाली, तेव्हा ती कशीबशी उठली. दारात मुंडीवाले आजोबा, हातात कागदाची पुडी. ते त्यांच्या भाषेत भराभर बोलले. आईला काही उमगेना.

मुलगी म्हणाली, "आई, ते विचारतायत, तुमचा पक्षी आजारी आहे का? तो रोज गातो तेव्हा ते चहा घेऊन भिंतीपाशी बसतात. दोन-तीन दिवस ऐकला नाही, म्हणून दाणे घेऊन आलेत."

आईनं माझ्याकडे बोट दाखवलं, बटण दाबून दाखवलं. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, पुडीकडे पाहिलं आणि ते लाजून लाल झाले. आईला हसू आलं, आणि हसता हसता ती रडायलाच लागली. "कुणीतरी ऐकत होतं गं," ती मुलीला म्हणाली. मग डोळे पुसून तिनं आजोबांसाठी खुर्ची ओढली.

नंतर बाबांनी मला उघडून पाहिलं. माझी तार जळली होती. माझ्यासारख्या म्हातारीचे सुटे भाग इथं मिळत नाहीत. त्यांनी मला काढून मात्र टाकलं नाही. आजोबा हल्ली बहुतेक दिवस टकटक करतात.

मित्रांनो, इथं मी वाजत होते तोवर बाहेरचं कोणी आलं नाही, गप्प झाले तेव्हा आलं. तुमच्या शेजारचं कोणी असं अचानक गप्प झालं असेल, तर जाऊन दार ठोठावा. काय बोलावं ते सुचलं नाही, तर पक्षी आजारी आहे का, असं विचारलंत तरी चालेल.