कौटुंबिक कारणास्तव

सुनयनाने ‘कौटुंबिक कारणास्तव’ हे शब्द तेलुगूत लिहिले, ओळ पुरी केली आणि कागद मनकर्णाबाईंसमोर सरकवला. मनकर्णाबाईंनी न वाचताच सही केली. वाचण्यासारखं त्यात होतं तरी काय? सकाळपासूनचा हा पाचवा अर्ज आणि पाचांतही मजकूर एकच. मला मुख्याध्यापकपदाची बढती नको, माझं नाव वगळावं, आपली नम्र.

तेलंगणातल्या आदिलाबादच्या त्या सभागृहात जिल्ह्यातल्या मराठी शाळांचे शिक्षक जमले होते. ज्येष्ठतेच्या यादीप्रमाणे एकेकाला पुढे बोलवायचं, मुख्याध्यापकपद रिकामं असलेल्या शाळांची नावं दाखवायची आणि त्याने त्यातली एक निवडायची, असा तो दिवस. ज्याला बढती नको, त्याने नाव पुकारण्याआधी तसं लिहून द्यायचं. पुरुषांपैकी कुणी असं लिहून दिल्याचं सुनयनाला आठवत नव्हतं. बायका मात्र दर वेळी द्यायच्या आणि लिहायला सुनयनाच लागायची. बेला गावच्या मराठी शाळेत चोवीस वर्षं काढलेल्या या बाईचं तेलुगू अक्षर इतकं वळणदार होतं, की कार्यालयातले लोकही कागद उचलून बघत.

बोलायची वेळ आली की मात्र तेच तेलुगू तिच्या घशात अडकायचं. एकदा मंडलाच्या, म्हणजे तालुक्याच्या, बैठकीत ती बोलायला उभी राहिली, दुसऱ्याच वाक्याला चुकली आणि मागे कुणीतरी हसलं. त्याला नऊ वर्षं झाली. हसणारा केव्हाच विसरला असेल, ती विसरली नव्हती. मुख्याध्यापक झालं की दर महिन्याला बैठक आली, अधिकारी आले, गावातले पुढारी आले, आणि या सगळ्यांशी तोंडानेच बोलावं लागतं.

तिने स्वतःचा अर्ज पहाटे घरीच लिहून सकाळी सगळ्यांच्या आधी देऊन टाकला होता. घरच्यांनी तिला अडवलं होतं असं काही नाही. नवरा, राजकुमार, वीज कार्यालयात कारकून होता. तो म्हणाला होता, तुझं तू ठरव. सासूबाईंनी तर आपल्या दोन भाकरी आपण थापून घेऊ म्हणून सांगितलं होतं. कुणी हट्टाने नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं तेव्हा सुनयनाला वाटून गेलं. तरी तिने कारण घरचंच लिहिलं. बढती तिने याआधी दोनदा नाकारली होती. निवृत्तीला चार वर्षं उरली होती, आणि आज तिसऱ्यांदा नाकारली की तिचं नाव यादीत पुन्हा येणार नव्हतं.

मनकर्णाबाई अर्ज घेऊन टेबलाकडे गेल्या आणि त्यांच्या जागी रश्मी येऊन बसली. नेरडीगोंड्याकडच्या शाळेतली ही मुलगी यादीत सगळ्यांत खाली होती, पण या वेळी तिच्यापर्यंत शाळा पोचणार अशी कुणकुण होती. बढतीची परीक्षा ती पहिल्याच खेपेला पास झाली होती.

“मॅडम, माझं बी लिहून द्या.”

“तुझं काऊन? शाळा भेटली तर घेईन म्हणत होतीस ना?”

“म्हणत होती.”

“मग आता काय अडचण आली?”

“अडचण काई नाई. तुमी सगळ्यांचं लिहून राह्यल्या ना, तेच लिहा.” रश्मी खाली बघत म्हणाली, “तुमच्यासारख्या बाईला जमत नाई, तर माझ्यानं काय होते?”

सुनयनाचं पेन कागदावर टेकलेलं तसंच राहिलं. तिला शरम वाटली. इतकी वर्षं आपण या बायकांच्या उपयोगी पडतो असं ती समजत आली होती, आणि त्याचा तिला मनातून थोडा अभिमानही होता. तिने पेनाला टोपण लावलं, रश्मीला थांबायला सांगितलं आणि ती उठली.

पुढच्या टेबलावर नागेश नावाचा कारकून कागद लावत होता. आपला अर्ज परत हवा, असं तिने त्याला हळूच सांगितलं. नोंद झालेला कागद मी देऊ शकत नाही, साहेबांना विचारा, असं म्हणून त्याने बाजूच्या खुर्चीतल्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे हात केला. साहेबांसमोर माईक होता आणि तो सुरू होता.

साहेबांनी तेलुगूत विचारलं, काय झालं? सुनयनाला वाटलं, असंच मागे फिरावं. पण ती बोलू लागली. अडखळत, मध्येच मराठी शब्द घेत, एक वाक्य दोनदा सुरू करत तिने सांगितलं, की मला बढती पाहिजे. तिचा आवाज माईकमधून थेट मागच्या भिंतीपर्यंत गेला. साहेब म्हणाले, यात तर कौटुंबिक कारण लिहिलंय, ते सकाळपासून आतापर्यंत मिटलं का?

“कारण नव्हतंच,” ती मोडक्या तेलुगूत म्हणाली. “मी भीत होते.”

मागे कुणी हसलं असेल तर तिला ऐकू आलं नाही. साहेबांनी तिचा अर्ज काढून तिच्या हातात दिला आणि नंबर येईपर्यंत बसायला सांगितलं. ती वळणार एवढ्यात त्यांची नजर खालच्या कागदावर गेली. त्यांनी तो उचलला, मग त्याच्या खालचा, मग पाचही अर्ज टेबलावर ओळीने मांडले. अक्षर एक, कारण एक, फक्त सह्या वेगळ्या.

हेही तुम्हीच लिहिलेत का, त्यांनी विचारलं. ती हो म्हणाली. मग यातली कारणं तरी खरी आहेत का?

सुनयनाने पाची कागदांकडे पाहिलं. तिला माहीत नव्हतं. आज रश्मी सोडली, तर तिने कधी कुणाला विचारलंच नव्हतं. एक बाई समोर येऊन बसायची आणि ती लिहून टाकायची.

“त्यांनाच विचारा,” ती म्हणाली.

साहेबांनी वरचा कागद घेतला आणि माईकवरून मनकर्णाबाईंचं नाव पुकारलं. मनकर्णाबाई गोंधळून उठल्या, पदर सावरत पुढे आल्या आणि सुनयनाला अगदी खेटून उभ्या राहिल्या.

“मॅडम, तुमीच सांगा ना,” त्या कुजबुजल्या. “मले तेलुगू कुठं येते धड?”

सुनयनाने माईक त्यांच्याकडे वळवला आणि ती बाजूला झाली.

“माझं आत्ता ऐकलं ना तुमी?” ती म्हणाली. “तसंच सांगा.”