पंचशीलाच्या मापाचं जाकीट

मी एक जुनं जाकीट आहे, मित्रांनो. थंडीत घालतात तसलं नव्हे. पाणबुडे पाण्यात उतरताना अंगावर चढवतात, ते. माझ्या पाठीवर हवेचं जड नळकांडं बांधतात आणि माझ्या पोटात रबराची एक पिशवी असते. तिच्यात हवा भरली की माणूस वर येतो आणि हवा सोडली की खाली जातो. पाण्याखाली माणसाला सांभाळून नेणं आणि आणणं, एवढंच माझं काम.

माझी उमेदीची वर्षं नांदेडला गेली. तिथल्या एका बचाव पथकात साहेबराव पाणबुडे होते. गोदावरीत कुणी बुडालं की त्यांना बोलावणं यायचं. जिवंत माणूस क्वचितच हाती लागायचा. वर आल्यावर ते मला धुवायचे आणि सावलीत वाळवायचे. घाटावर कुणी विचारलंच तर माझ्यावर हात ठेवून म्हणायचे, "मला वर आननारा हा." त्या एका वाक्यावर मी महिनोन्‌महिने खूश असायचो.

पुढे साहेबरावांच्या छातीत स्प्रिंग बसवली आणि डॉक्टरांनी त्यांचं बुडी मारणं बंद केलं. ते निवृत्त झाले तेव्हा मीही मोडीत निघालो होतो. त्यांनी मला मागून घेतलं आणि शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या आपल्या बहिणीच्या गावी आणलं. बहिणीचं नाव भामाबाई. शिलाई मशीनवर गावाचे झंपर शिवून त्यांनी एकटीनं लेकीला वाढवलं होतं. लेक म्हणजे पंचशीला. तिनं नुकतीच बारावी केली होती. गावाजवळच्या धरणात पाणी होतं तेव्हा मामानं तिला सुट्टीत दोरीला बांधून मला घालायला शिकवलं होतं. साहेबरावांचं काळीज संथ चालायचं, हिचं भराभरा. पण ती घाबरत नसे.

अडचण एकच होती. मी साहेबरावांच्या रुंद छातीचा आणि ही काडीसारखी. तिनं हात वर केले की मी थेट तिच्या हनुवटीला जाऊन भिडायचो.

साहेबराव म्हणायचे, "जाकीट अंगासरशी पायजे. पाण्यात जाकीट वर आन् पोरगी खाली, असं न्हाई चालत."

त्यानंतर लागोपाठ पाऊस हुकला. धरणाच्या तळाला भेगा पडल्या. गावात टँकर येऊ लागला आणि घरागणिक दोन घागरी मिळू लागल्या. त्याच दिवसांत उदगीर वेगळा जिल्हा होणार अशी बोलवा उठली. चहाच्या टपरीवर, एस.टी.त, जिकडंतिकडं तोच विषय. साहेबरावांच्या डोक्यातही तेच शिरलं.

"नवा जिल्हा झाला की बचाव पथक आलं," ते भाचीला म्हणाले. "पथक आलं की पानबुडे लागतील. तू तयार ऱ्हा."

म्हणून मला पंचशीलाच्या मापाचं करायचं ठरलं. साहेबरावांनी तिला ओट्यावर उभं केलं, पट्टे आवळले, दोन बोटं आत जातात का ते पाहिलं आणि खडूनं खुणा केल्या. भामाबाईंनी मला मशीनवर घेतलं. जाड कापडाला जाड सुई लावली आणि बाजूनं मला आत घेतलं. टाके इतके सारखे, की रेघच वाटावी. शिवताना त्या अधूनमधून थांबून कापडावरून हात फिरवत होत्या.

आणि मित्रांनो, ती सुई माझ्या पोटातल्या पिशवीतून आरपार जात होती.

मला कळत होतं. टाका पडला की एक भोक, पुन्हा टाका, पुन्हा भोक. ओरडायला मला तोंड नाही. साहेबरावांनी फुंकून हवा भरली. मी फुगलो, कारण छिद्रं बारीक होती आणि दोऱ्यानं अडली होती. पंचशीलानं हात वर केले. मी तिच्या खांद्यांना चिकटून राहिलो. तिघंही हसली.

तरी साहेबराव जुने पाणबुडे. ते म्हणाले, "पान्यात बुचकळून बगावं लागंल. बुडबुडे येतात का ते."

पण बुचकळायचं कशात? दोन घागरींत मी मावत नाही. गावात पाणी उरलं होतं फक्त हणमंतरावांच्या विहिरीला. सरकारनं ती ताब्यात घेतली होती आणि टँकर तिथंच भरायचे. साहेबराव मला खांद्यावर टाकून तिकडे गेले. हणमंतरावांच्या आई कस्तुराबाई काठावरच बसल्या होत्या.

"पिण्याचं पानी हाय बाबा," त्या म्हणाल्या. "तुमच्या आंगावरले कपडे त्यात नगं."

शेजारी उभे असलेले हणमंतराव खाली बघत राहिले. मागच्या वर्षीपर्यंत त्यांची पोरं त्याच विहिरीत उड्या मारत होती. साहेबराव परत फिरले. मी खुंटीला लागलो.

उन्हाळा चढला आणि एका सकाळी त्या विहिरीचा काठ आतून ढासळला. दगड पाणी उपसायच्या मोटारीवर पडले आणि मोटार तळाशी अडकली. पोहणारे गडी सूर मारून आले, पण दगड हलवेपर्यंत दम टिकेना. पथकाला निरोप गेला. पथक दुसरीकडे अडकलं होतं. टँकर रिकामे उभे राहिले आणि गावातलं पाणी संपलं.

हणमंतराव भामाबाईंच्या दारात आले. "पोरीला घिऊन चला, साहेबराव."

"पिण्याचं पानी हाय म्हनल्या होत्या तुमच्या आई," साहेबराव म्हणाले.

"म्हनली व्हती."

भामाबाई म्हणाल्या, "जाऊ दी साहेबा. लेकरं पान्याविना तान्हेली हायत गावात."

पंचशीलानं तोवर मला खुंटीवरून काढलं होतं. "मी उतरते, मामा," ती म्हणाली.

नांदेडहून भरून आणलेलं नळकांडं घरात होतंच. साहेबरावांनी पट्टा न् पट्टा तपासला, खाली जायला वजन म्हणून कमरेला शिसं बांधलं आणि दोरीचं टोक स्वतःच्या हाती ठेवलं. "कान दुखला की थांबायचं. वर यायचं तर दोनदा वढ."

ती पाण्यात शिरली, नळकांड्याच्या ओढीनं टाके ताणले गेले आणि माझ्या बाजूंनी हवा निसटू लागली. काठावरून साहेबराव डोळ्यांत तेल घालून बघत होते. पण माझे बुडबुडे तिच्या श्वासाच्या बुडबुड्यांत मिसळून गेले. ते वेगळे कुणाला दिसणार? तिचा कान दुखू लागला, तिला मध्येच थांबायचं होतं. तिनं नळकांड्यातली हवा माझ्यात सोडणारं बटण दाबलं. मी हवा घेतली, पण मला ती धरता आली नाही. दोरी सैल सोडलेली होती, आम्ही दगडासारखे तळाला गेलो. तिच्या कानात काहीतरी फाटलं. तिचं काळीज माझ्या कापडावर आपटत होतं. मी तिला घट्ट धरून होतो, आणि त्या घट्ट धरण्याचा काडीचा उपयोग नव्हता.

तेव्हाच तिनं दोरी ओढायला हवी होती. तिनं ओढली नाही. गढूळ पाण्यात हातानं चाचपत तिनं दगड बाजूला सारले. मोटार मोकळी झाली. मग तिनं दोरी दोनदा ओढली.

साहेबरावांच्या हातांत बळ पुरेना. गडी धावले. कस्तुराबाईंनीही दोरीला हात घातला. वर आली तेव्हा पंचशीलाच्या उजव्या कानातून रक्त येत होतं. कस्तुराबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं, आपल्या तांब्यातलं पाणी तिला पाजलं आणि त्या त्याच कानाशी वाकून काहीतरी म्हणाल्या. ते पंचशीलाला ऐकू आलं नाही.

संध्याकाळी टँकर भरले.

लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, उजवा कान गेला. पुन्हा पाण्याखाली उतरायचं नाही. जिल्हाही झाला नाही.

काही दिवसांनी हणमंतरावांनी न मागता पाण्याचं पिंप भामाबाईंच्या अंगणात आणून ठेवलं. साहेबरावांनी मला फुगवून त्यात बुडवलं. शिवणीच्या रेघेवरून बुडबुड्यांची सारखी माळ वर आली. ते बघतच राहिले. पंचशीला शेजारी उभी होती. तिनंही पाहिलं.

भामाबाई घरातून बाहेर आल्या. "काय झालतं रे त्याला?"

पंचशीलानं पाण्यात हात घातला आणि मला हळूच उलटं केलं. शिवण खाली गेली.

"जुनं झालतं, अक्का," साहेबराव म्हणाले. "रबर मेलंय त्याचं."

भामाबाई अजून मला अधूनमधून ऊन दाखवतात, धूळ झटकतात आणि आपल्या टाक्यांवरून हात फिरवतात. "शिवन मातर पक्की होती माझी," म्हणतात. साहेबराव आणि पंचशीला त्या वेळी दुसरीकडे बघतात.

मित्रांनो, लेकरांच्या अंगावर काही चढवाल तेव्हा माप जरूर बघा, पण मापावर थांबू नका. ते एकदा पाण्यात धरून बघा. तुमच्याकडे पाणी नसेल तर मागा. आणि असेल, तर मागायला आलेल्याला काठावरून परत पाठवू नका. आम्हा वस्तूंना कुठं दुखतंय ते सांगता येत नाही.