खालच्या डेकवरची माणसं

"कॅप्टननं दार बंद केलं ते बरोबरच केलं," नंदकिशोर म्हणाला. "अख्खं जहाज जळालं असतं, राव."

"पण खालच्या डेकवर माणसं होती की," समाधान म्हणाला.

"होती ना. म्हणून तर एपिसोड भारी झाला."

कंपनीची बस मोशीच्या सिग्नलला अडकली होती. डांगे चौकात चढणाऱ्यांनी मागच्या सीटा धरायच्या आणि 'हेलिक्स फ्लीट'च्या नव्या भागावर चाकण येईपर्यंत भांडायचं, हा त्यांचा शुक्रवारचा रिवाज होता. मालिका त्यांच्या शाळेच्या दिवसांपासून चालू होती. तेव्हा ती रविवारी सकाळी लागायची. जहाजावरची माणसं दर भागात कुणाला तरी वाचवायची आणि शेवटी सगळी एकत्र जेवायची. आता ती मोबाइलवर येत होती, आणि जेवण दाखवणं बंद झालं होतं.

"मी तर बघणं सोडणार आहे," क्वालिटीतली वर्षाली म्हणाली. "जो तो आतून काळा. लहानपणी आपण ह्यासाठी बघत होतो का?"

"लहानपणी तुला टार्गेट नव्हतं, वर्षाली."

सगळे हसले. समाधान हसला नाही. "दार बंद केलं त्याचं एक वेळ सोडा," तो म्हणाला. "पण बंद करताना ती कॅप्टन माइकवर काय बोलली? 'मदत येतेय, जागेवर थांबा.' खरं सांगायला पाहिजे होतं त्यांना."

"सांगून काय? घाबरून मेली असती."

"तशीही मेलीच की. निदान माहीत असून मेली असती."

"फार भोळा आहेस तू, भावा," नंदकिशोर म्हणाला आणि त्याने समाधानच्या पाठीवर थाप मारली.

नंदकिशोर प्रेस शॉपचा सुपरवायझर होता. समाधान तिथेच कंत्राटी इलेक्ट्रिशियन. बसमध्ये दोघे अरे-तुरेने भांडत. गेटच्या आत समाधान त्याला सर म्हणे.

दहाच्या चहाआधीच चार नंबरची प्रेस थांबू लागली. दोन-चार पत्रे दाबले की थांबायची. त्या प्रेसवर पिंकी होती. पायाने पेडल दाबायचं, हाताने पत्रा आत सरकवायचा. हात आणि साचा यांच्यामध्ये न दिसणाऱ्या किरणांचा एक पडदा असतो. हात आडवा आला की प्रेस जागच्या जागी थांबते. त्या पडद्याच्या सेन्सरची काच तडकली होती.

"सर, नवीन सेन्सर बसवावा लागेल. स्टोअरमध्ये नाही. सोमवारी येईल म्हणतात," समाधान म्हणाला.

"गाडी गेटवर उभी आहे," नंदकिशोर म्हणाला. "जंपर टाक. माल गेला की काढ."

जंपर म्हणजे वायरचा एक तुकडा. तो जोडला की प्रेसला पडदा शाबूत आहे असं वाटतं. महिनाअखेरीला सगळेच टाकत. समाधानने पॅनेल उघडलं आणि त्याच्या बोटांनी ते काम नेहमीच्या सवयीने उरकलं.

प्रेस धाड धाड चालू झाली. पिंकी सुरुवातीला चिमट्याने पत्रा काढत होती. मग चिमटा बाजूला पडला. तेलाने चकाकणारा तिचा हात साच्यात जात होता, बाहेर येत होता, आणि लगेच वरून प्रेस येत होती. समाधान निघाला होता, तो परत फिरला.

"पिंकी, सेन्सर बंद आहे. हात आत राहिला तर ही थांबणार नाही."

"माहितीये, दादा."

"कुणी सांगितलं?"

"मागच्या महिन्यात पण असंच होतं की. अशी न अडखळता पळायला लागली की कळतंच." तिने पुढचा पत्रा उचलला.

"मग चिमटा घे."

"चिमट्यानं उरकत नाही. तुम्ही बाजूला व्हा बरं, उजेड अडतोय."

सांगून झालं होतं. प्रेस चालूच होती.

तेवढ्यात एक पत्रा साच्यात अडकला. तो सोडवायला पिंकी कोपरापर्यंत आत वाकली. तिचा पाय पेडलवरच होता.

समाधानने मेन स्विच खाली ओढला. मग खिशातून आपलं लाल कुलूप काढून स्विचला लावलं. मशिनवर दुरुस्तीचं काम करणाऱ्याने मेन बंद करून स्वतःचं कुलूप घालायचं आणि ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं, हा कारखान्यातला नियम. दुसऱ्याने ते तोडायचं तर प्लँट मॅनेजरची सही लागे, आणि सही म्हणजे कारणही लिहावं लागे.

नंदकिशोर धावत आला. "काय झालं?"

"काही नाही झालं, सर."

"मग काढ कुलूप."

"सेन्सर बसला की काढतो."

नंदकिशोर जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "बसमधलं बसमध्ये ठेव, समाधान."

समाधानने कुलपाची किल्ली खिशात टाकली.

"माझा आजचा माल राहिला ना!" पिंकी ओरडली. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं मधे पडायला?"

जेवणाच्या सुट्टीआधी कंत्राटदाराचा फोन आला. सोमवारपासून येऊ नकोस. सिक्युरिटीवाला त्याला गेटकडे घेऊन निघाला, तेव्हा बाकीच्या प्रेस चालूच होत्या. दोन नंबरजवळून जाताना समाधान थबकला. मागच्या महिन्यात तिलाही त्यानेच जंपर टाकला होता. काढल्याचं काही केल्या आठवेना. कुलूप त्याच्याकडे एकच होतं.

"मला ते पॅनेल एकदा बघू दे."

"साहेबांनी हात लावू देऊ नको म्हणलंय. चला."

मोजमापाच्या टेबलाशी वर्षाली उभी होती. "दोन नंबरचं पॅनेल उघडायला लाव," तो तिला ओरडून म्हणाला. "जंपर असंल आत!" प्रेसच्या आवाजात तिला किती ऐकू गेलं, कळलं नाही.

शिफ्ट सुटेपर्यंत तो गेटबाहेर बसून राहिला. रुग्णवाहिका आली नाही. प्रत्येक गाडीच्या आवाजाला मात्र तो उठून उभा राहिला.

बसमध्ये वर्षाली त्याच्या शेजारी बसली. नंदकिशोर परतीच्या बसला आला नव्हता.

"बघितलं का?"

"उघडू दिलं नाही मला," ती म्हणाली. "दुसरी शिफ्ट चालू झाली."

मागच्या सीटवर कुणीच बोलत नव्हतं.

पिंकी पुढे बसली होती. चढताना तिने त्याच्याकडे बघितलंही नव्हतं. मोशी गेल्यावर तिने रबर दातांत धरलं आणि वेणी घालायला घेतली. बस खड्ड्यांतून हेलकावत होती. पेड तिच्या बोटांतून एकमेकांवर पडत खाली सरकत होते, मध्येच एखादी बट सुटत होती आणि ती न बघता तिला आत ओढून घेत होती. वेणी पुरी होईपर्यंत समाधान बघत राहिला.