माझा माणूस

या शहरात यायला अण्णा मुळात तयारच नव्हते. लेकीने आईवडिलांच्या सहलीसाठी बरीच शहरं सुचवली, तेव्हा इतर सगळ्यांना त्यांनी मान डोलावली आणि नेमकं या एकाला नाक मुरडलं. "तिथे काय आहे बघायला? नुसती गर्दी!" पण लेक हट्टीपणात बापावरच गेलेली. तिने तेच शहर ठरवून टाकलं.

लग्नानंतर लगेच अण्णा दोन वर्षं याच देशात नोकरीला होते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण ते गावाबाहेरच्या एका कारखान्यात. "मशीन, कँटीन आणि खोली. शहर म्हणशील तर बसच्या खिडकीतून दिसलं तेवढंच," असं ते सांगायचे. त्यांच्या बायकोने, माईंनी, कधी खोदून विचारलं नव्हतं.

पहिल्या सकाळी गाईडने सहलीतल्या सगळ्यांना जुन्या बाजारात नेलं. पत्र्याच्या छपराखाली बोळांमागून बोळ. एकीकडे पालेभाज्यांच्या ओल्या जुड्या आणि मातीसकट कंद, दुसरीकडे सुकवलेल्या अळंब्यांची पोती, सुतळीने नांग्या बांधलेले जिवंत खेकडे. माई शिवणाचे क्लास घेत; बारीक नजर हा त्यांच्या धंद्याचाच भाग. बघता बघता त्यांच्या लक्षात आलं की अण्णा गाईडच्याही पुढे चालतायत.

मासळीच्या भागात शिरताना एक लोखंडी पट्टी फार खाली आली होती. गाईड "डोकं सांभाळा" म्हणेपर्यंत सहलीतल्या दोघांची कपाळं शेकली. अण्णा मात्र वर न बघताच वाकले आणि पलीकडे सरळ झाले.

माईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

त्या काही बोलणार, एवढ्यात बर्फाने भरलेल्या एका ओट्यामागून खणखणीत हाक आली. "आन्ना!"

गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेली, केस पांढरे झालेली एक बाई हातातली सुरी तशीच धरून बघत होती. तिचं सगळं तोंड हसत होतं. अण्णांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. त्यांनी माईंचं कोपर धरलं. "चल, चल. वासाने डोकं उठलंय माझं."

"तिने तुम्हाला हाक मारली."

"मला कशाला मारेल? काहीतरी ओरडली तिच्या भाषेत."

"अण्णा म्हणाली ती."

"तुला सगळीकडे आपलंच ऐकू येतं!"

त्या दिवशी माईंच्या पोटात अन्न गेलं नाही. लग्न होऊन जेमतेम वर्ष झालेलं, अण्णा इकडे, आपण तिकडे सासरी तान्ह्या लेकीला मांडीवर घेऊन. आणि इथे एक बाई त्यांना घरच्या नावाने ओळखते. कुठेतरी पाणी मुरत होतं. अण्णा जेवताना उगाच विनोद करत होते, आणि त्यांच्या प्रत्येक विनोदागणिक माईंचा संशय बोटभर वाढत होता. बाई तेव्हा कशी दिसत असेल, हाही विचार येऊन गेला. नाकीडोळी नीटसच असणार, मेली.

दुसऱ्या सकाळी अण्णा आंघोळीला गेल्याबरोबर माई उठल्या. पायात चपला सरकवल्या आणि थेट बाजार गाठला. वाटेत लोखंडी पट्टी कपाळाला लागलीच. कपाळ चोळत त्या ओट्यासमोर उभ्या राहिल्या आणि मोबाइलमधला अण्णांचा फोटो बाईपुढे धरला.

"हे कोण?" त्यांनी विचारलं. मोबाइलने ते त्या भाषेत बोलून दाखवलं; लेकीने निघण्यापूर्वी तशी सोय करून दिली होती.

बाई आनंदाने भराभर बोलू लागली. मोबाइल क्षणभर थांबला आणि कोरड्या आवाजात मराठीत म्हणाला, "तो माझा माणूस होता."

माईंनी फोटो तसाच पुढे धरून विचारलं, "तुमचा माणूस म्हणजे?"

बाईने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग तिला काय कळायचं ते कळलं असावं, कारण ती मोठ्याने हसली आणि मान जोरजोरात हलवू लागली. तिने बर्फातला एक मासा उचलला, शेपटी धरून खरखर खवले काढले, पोट चिरलं, आतलं सगळं एका ओढीत बाहेर काढलं. मग आधी फोटोवर बोट ठेवलं, नंतर माशावर, नंतर पायाखालच्या ओल्या जमिनीवर. मागे एक म्हातारा पेट्या रचत होता, त्याला हाक मारून पुढे ओढलं आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवला. हा माझा नवरा, हे सांगायला मोबाइल लागला नाही.

"आन्ना चांगला," मोबाइल म्हणाला. "आधी रडायचा. नंतर हात जलद झाला."

माई तिथल्याच एका उपड्या पेटीवर बसल्या.

अण्णा धापा टाकत आले तेव्हा त्या तशाच बसलेल्या होत्या. अण्णांचे केस ओले, शर्टाची बटणं खालीवर लागलेली. बायकोला त्या ओट्याशी बघून त्यांचे पायच थबकले.

"कारखाना?" माईंनी विचारलं.

"होता. मी गेलो आणि थोड्याच दिवसांत बंद पडला. एजंट पळाला."

"मग परत का नाही आलात?"

"कुठल्या तोंडाने येणार होतो? तुझे वडील चारचौघांत सांगत होते, जावई परदेशात साहेब झाला. यांनी कामाला ठेवलं, माळ्यावर झोपायला जागा दिली. मासे साफ करायचो, दुसरं काही नाही. तुझी शपथ."

"माझी शपथ नको. आणि घरी मासे आणले की तुम्ही बाहेर निघून जायचात. मला वाटायचं, माझ्या हाताला वास येतो म्हणून."

"अगं, तसं नव्हतं," अण्णा म्हणाले.

"मला काय ठाऊक कसं होतं ते? मासे कापलेत याची लाज मला वाटली नसती. मला इतकी वर्षं मशीनच्या गोष्टी ऐकवल्यात, त्याचं काय?"

बाईला भांडण समजत नव्हतं, पण नवराबायकोचं आहे एवढं समजत होतं. तिने गरम सूपचे वाडगे आणून दोघांच्या हातात दिले आणि आपल्या गिऱ्हाइकाकडे वळली. माईंनी सूप हुंगलं, अण्णांनी पहिला घोट घेईपर्यंत वाट पाहिली, मगच प्यायल्या. राग अर्धा उतरला होता. उरलेला अर्धा त्यांनी राखून ठेवला. तो लागेल असं त्यांना वाटत होतं.

तेवढ्यात लेकीचा व्हिडिओ कॉल आला. "आई, सकाळी सकाळी कुठे तुम्ही? मागे मासे दिसतायत! बाबा आणि मासळीबाजारात?"

माईंनी मोबाइल अण्णांच्या हातात दिला.

अण्णांनी घसा खाकरला. एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा ओट्यामागच्या बाईकडे. मग मोबाइल वळवून सगळा ओटा दाखवत म्हणाले, "बाळा, मी कारखान्यात नव्हतो. मी इथे होतो. थांब, सांगतो तुला सगळं."